‘सेंटर’ आला कुठनं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हंजे कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर पंचवीसेक वर्षं काढली, दिवसातनं शंभरवेळा ‘सेंटर’ हा शब्द तोंडात यायचा. एकदा मुलीनं विचारलं की पप्पा सेंटर इंग्लिश आणि केंद्र संस्कृत, मग दोन्ही ऐकायला इतके सारखे का. तेव्हापासनं हा शब्द डोक्यात बसला तो बसलाच. आता ओळखीपाळखीतले लोक, शाळेतली पोरं, एकदोन मास्तरसुद्धा विचारत असतात, म्हणून सगळे प्रश्न एका जागी लिहून ठेवूलालोय.

सेंटर म्हंजे नेमकं काय?

मधला बिंदू. वर्तुळाच्या कडेवरच्या प्रत्येक ठिकाणापासनं सारख्याच अंतरावर असतो तो. बाकीचे सगळे अर्थ, म्हंजे गावाचं सेंटर, परीक्षेचं सेंटर, चर्चेच्या सेंटरला असलेला माणूस, हे ह्या बिंदूवरनंच पसरत गेलेत.

पण हा शब्द मुळात कुठला?

ग्रीक. मूळ शब्द ‘केंट्रॉन’, आणि त्याचा अर्थ मध्य असा नव्हताच! केंट्रॉन म्हंजे टोचायची अणकुचीदार वस्तू. ‘केंटेइन’ म्हंजे टोचणे, त्यावरनं तो झाला. बैलाला टोचायच्या काठीला ते लोक केंट्रॉन म्हणायचे, आणि गांधीलमाशीच्या नांगीलासुद्धा केंट्रॉनच.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. भाताच्या चिखलणीला वडील पराणी घेऊन उतरायचे, बांबूची काठी आणि टोकाला लोखंडाची आर, पाव इंचाच्या वर नसेल ती. वडील ती बैलाला क्वचितच लावायचे, नुसती पाठीजवळ नेली की बैल वळायचा. तर ती जी आर आहे ना, ती म्हंजे केंट्रॉन. ज्यानं पराणी हातात धरलीय त्याला ह्या शब्दाचं मूळ वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

टोचणीचा अर्थ ‘मध्य’ कसा काय झाला मग?

कंपासपेटीमुळं. कर्कटकाचं एक टोक कागदात रुतवायचं आणि दुसरं फिरवायचं, बरोबर? ते रुतणारं टोक म्हंजे टोचणीच की. म्हणून ग्रीक भूमितीवाले त्या टोकाला केंट्रॉन म्हणायला लागले, आणि मग ते टोक जिथं रुततं त्या जागेलाच ते नाव पडलं. युक्लिडनं इ.स.पू. ३००च्या आसपास भूमितीचा ग्रंथ लिहिला, त्याच्या पहिल्याच भागात १५वी व्याख्या वर्तुळाची आहे आणि १६वी ह्या केंट्रॉनची. म्हंजे तोपर्यंत शब्द चांगला मुरलेला होता.

मला ह्यातलं जे आवडतं ते हे, की सेंटर म्हंजे आधीपासनं असलेली जागा नव्हे, ती कुणीतरी टोक रुतवून ठरवलेली जागा. कागद कोरा असतो तेव्हा त्याला सेंटर नसतं. टोक रुतलं की मग वर्तुळ जन्माला येतं.

आणि हा जुना अर्थ कुठं जिवंत बघायचा असेल तर उद्यमबागेत या. ड्रिल मारायच्या आधी सेंटर पंच लावतात. पोलादाचा बोटभर दांडा, टोक ९० अंशाचं, खुणेवर उभा धरायचा आणि हातोडीचा एक ठोका. लोखंडात बारीक खळगा पडतो. त्या खळग्यात ड्रिलचं टोक बसतं आणि मग ते घसरत नाही. नवीन पोरं घाईत पंच न मारता ड्रिल लावतात, ड्रिल पळतं, भोक दोन एमएम बाजूला पडतं आणि अख्खा जॉब भंगारात. आयटीआयला आम्हाला शिकवताना सरांचं एकच वाक्य असायचं, ‘आधी टोच, मग भोक’. अडीच हजार वर्षांपूर्वीचा केंट्रॉन तो हाच.

केंद्र हा तर संस्कृत शब्द आहे ना? त्याचा ग्रीकशी काय संबंध?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर ऐकून लोक थोडे नाराज पण होतात. केंद्र हा केंट्रॉनच आहे. संस्कृतात तो ग्रीकातनं आला.

आला तो ज्योतिषाच्या वाटेनं. आपल्याकडं ‘यवनजातक’ नावाचा जुना संस्कृत ग्रंथ आहे, नावातच यवन आहे, आणि यवन म्हंजे तेव्हा ग्रीक. ग्रीक ज्योतिषात आकाशातल्या चार महत्त्वाच्या जागांना, म्हंजे उगवती, मावळती, डोक्यावरचा मध्य आणि त्याच्या बरोबर खालचा, केंट्रॉन म्हणत. तेच आपल्या कुंडलीत पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं घर झालं. लग्न जुळवताना पत्रिका बघणारे काका ‘गुरू केंद्रात आहे, काळजी नको’ म्हणतात ना, तेव्हा ते पत्रिकेचा मधला ठिपका दाखवत नसतात, ह्या चार घरांपैकी एखादं दाखवत असतात. म्हंजे आपल्या घरात हा शब्द भूमितीच्या तासाआधीच आला होता, पत्रिकेतनं.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं तर स्पष्टच लिहून ठेवलंय की यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडं नीट बसलेलं आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो. इतक्या मोठ्या विद्वानाला दुसऱ्याकडनं घेतलं असं सांगायला कमीपणा वाटला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

पुढं ग्रहगणितात ‘मंदकेंद्र’ वगैरे शब्द आले, तिथं केंद्र म्हंजे एक ठरावीक कोन, मधला बिंदू नव्हे. आज आपण ज्या अर्थानं केंद्र म्हणतो तो नंतर पक्का झाला.

मग एकात ‘स’ आणि एकात ‘क’ का?

कारण वाटा वेगळ्या. संस्कृतानं थेट ग्रीकांकडनं घेतला, म्हणून ‘क’ तसाच राहिला. दुसरीकडं लॅटिनमध्ये तो ‘केंट्रुम’ झाला, तिथंही आधी क-च होता, पण पुढं फ्रेंचमध्ये येईपर्यंत त्या जागचा क मऊ होऊन स झाला. फ्रेंचातनं १४व्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत गेला आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडं. म्हंजे एकच शब्द दोनदा आपल्या दारात आला, दोन वेगळ्या रस्त्यांनी, आणि चेहरा बदललेला असल्यामुळं आपण ओळखलं नाही.

असे अजून ग्रीक शब्द आहेत का आपल्यात?

आहेत की. पत्रिकेतला ‘होरा’ म्हंजे ग्रीक ‘होरा’च, इंग्रजीतला अवर पण तोच. सातव्या घराला ‘जामित्र’ म्हणतात, ते ‘डायामेट्रोस’, म्हंजे डायमीटर. पहिल्या घराच्या बरोबर समोर सातवं घर येतं, मधनं सरळ रेघ, म्हणून. सातवं घर लग्नाचं, म्हंजे व्यासाचं नाव लग्नाच्या घराला! पत्रिकेबाहेरचं बघायचं तर ‘दाम’ बघा, ग्रीक नाणं ‘द्राख्मा’, संस्कृतात द्रम्म, त्याचं दाम. आणि खाणीत लावतात तो सुरुंगसुद्धा ग्रीक ‘सिरिंक्स’ ह्या शब्दावरनं आलाय असं मानतात.

म्हंजे ग्रीक येईपर्यंत आपल्याकडं मध्याला शब्दच नव्हता?

असं कसं होईल. भरपूर होते. ऋग्वेदात चाकाच्या मधल्या भागाला ‘नाभि’ आहे, ‘त्रिनाभि चक्रम्’ असं सरळ येतं. आर्यभटानं ४९९ साली पृथ्वी कुठं आहे ते सांगताना ‘मध्ये’ हाच शब्द वापरलाय, केंद्र नाही. गंमत अशी की मध्य आणि इंग्रजीतला मिडल हे सख्खे भाऊबंद आहेत, आणि नाभी आणि नेव्हल पण. ते उसने नाहीत, एकाच जुन्या घराण्यातले आहेत. उसना आहे तो केंद्रच.

रोजच्या मराठीत तर अजून जिवंत शब्द आहेत. बैलगाडीच्या चाकाचा मधला लाकडी गड्डा म्हंजे तुंबा. आरे त्यात येऊन बसतात, बाहेरनं लोखंडी धाव. आमच्या गावातल्या सुतारमामांना कुणी सेंटर म्हणायला शिकवलं नव्हतं, पण तुंब्यातलं भोक रेसभर जरी तिरकं गेलं तर चाक लंगडतं हे ते बोटानं चाचपून सांगायचे.

आणि माजघर! मध्य, मज्झ, माज असा तो शब्द उतरत आलाय. माजघर म्हंजे मधलं घर. ‘माज’ म्हंजे कंबर हा पण जुना अर्थ आहे, शरीराचा मधला भाग म्हणून.

कन्नडमध्ये काय म्हणतात?

मध्याला अस्सल कन्नड शब्द ‘नडु’. आणि आता बघा, नडु म्हंजे मध्य पण आणि कंबर पण, आपल्या माज सारखंच. माजघराला कन्नडमध्ये ‘नडुमने’ म्हणतात, नडु म्हंजे मधलं, मने म्हंजे घर. दोन्ही भाषांचं कूळ वेगळं, तरी घराकडं आणि अंगाकडं बघायची नजर तीच. शेजारच्या कन्नड घरातल्या आज्जींनी मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी त्यांच्या नडुमनेतच बसलो होतो, जमिनीवर शेणाचं सारवण आणि मधोमध खांब, हुबेहूब आमचं माजघर.

केंद्र मात्र कन्नडमध्येही केंद्रच. ‘प्राथमिक आरोग्य केंद्र’ ह्या पाटीत दोन्ही भाषांत शब्द अगदी तेच तीन आहेत, बदलतात फक्त अक्षरं. शेतकरी बियाणं आणायला जातात ते पण ‘रयत संपर्क केंद्र’. कन्नड येत नसलेल्या माणसाला ते अर्थासकट कळतं.

सेंटरचं स्पेलिंग शेवटी ‘टीआरई’ की ‘टीईआर’?

आपल्याकडं टीआरई, ब्रिटिश पद्धत. खरं टीईआर हे अमेरिकेनं बिघडवलेलं रूप आहे असं जे म्हणतात ते बरोबर नाही. इंग्लंडमध्येच आधी टीईआर चालायचं, शेक्सपिअर आणि मिल्टनच्या काळात. १७५५ साली जॉन्सनची डिक्शनरी आली, तिच्यामुळं टीआरई पक्कं झालं. अमेरिकेत डिक्शनरीवाल्या वेबस्टरनं टीईआर ठेवलं. परीक्षेत एकच काहीतरी धरा, एका पेपरात दोन्ही नकोत.

सेंच्युरी, पर्सेंट, सेंटीमीटर हे पण सेंटरवरनंच का?

नाही. ते लॅटिन ‘केंटुम’ म्हंजे शंभर, त्यावरनं. नुसता सारखेपणा आहे.

साखर कारखान्यातल्या सेंट्रीफ्युगल मशीनचा काय संबंध?

पूर्ण संबंध. केंट्रुम अधिक ‘फुगेरे’, म्हंजे पळणे. सेंटरपासनं पळणारं ते सेंट्रीफ्युगल. १७व्या शतकात हायगेन्स ह्या डच शास्त्रज्ञानं हा शब्द वापरात आणला, मग न्यूटननं त्याच्या उलटा सेंट्रीपेटल केला, सेंटरकडं ओढणारं. पोरांच्या पुस्तकात तेच अपकेंद्री आणि अभिकेंद्री बल.

आपल्या जिल्ह्यात गळीत हंगामात हे रोज चालू असतं. पॅनमध्ये रस आटवून दाणा धरला की ते घट्ट काळपट मिश्रण जाळीच्या बास्केटमध्ये सोडतात. बास्केट मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेते. मळी जाळीतनं बाहेर फेकली जाते, साखरेचा दाणा जाळीला चिकटून आत राहतो. सुरुवातीला आत बघितलं तर सगळं तपकिरी असतं, मग पाण्याचा फवारा मारतात आणि बघता बघता भिंत पांढरी व्हायला लागते. ज्यानं हे एकदा समोर उभं राहून बघितलंय त्याला अपकेंद्री बलाची व्याख्या पाठ करायला नको.

झेरॉक्स सेंटर, कोचिंग सेंटर… ह्यात मध्य कुठाय?

मध्य नाहीये, पण चारी बाजूंनी लोक तिथं येतात ही कल्पना आहे. रुतलेलं टोक एक आणि त्याच्याभोवती गोळा झालेलं सगळं. आपल्या बेळगावातच मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, कुठकुठल्या गावची पोरं तिथं येतात, घडतात आणि देशभर जातात. तो अर्थ इथं अगदी नीट बसतो.

परीक्षेचं सेंटर तसंच. एसएसएलसीच्या, म्हंजे इकडच्या दहावीच्या, वेळी घराघरात एकच प्रश्न असतो, ‘सेंटर कुठलं पडलं गं?’ पडलं हा शब्द बघा, जणू वरनं टोक येऊन रुतलं. माझ्या भाचीचं सेंटर घरापासनं लांब पडलं होतं, सकाळची बस चुकली, कुणाच्यातरी टेम्पोतनं तिला पोचवली. पेपर सुरू व्हायला दहा मिनिटं होती. त्या दिवशी आमच्या सगळ्या घरासाठी जगाचं सेंटर ती एक खोली होती.

एक सीमेवरची गोष्ट. तिकडं महाराष्ट्रात दहाबारा शाळा मिळून जे होतं त्याला ‘केंद्र’ म्हणतात आणि त्यावर केंद्रप्रमुख असतात. इकडं कर्नाटकात त्यालाच ‘क्लस्टर’ म्हणतात आणि त्यावर सीआरपी, म्हंजे क्लस्टर रिसोर्स पर्सन. पै-पाहुण्यांत दोन्हीकडचे मास्तर भेटले की आधी पाच मिनिटं हे जुळवण्यातच जातात.

केंद्र सरकारला ‘सेंटर’ का म्हणतात?

बोलण्याची सवय. राज्यघटनेत सेंटर असा शब्द सरकारसाठी नाही, तिथं ‘युनियन’ आहे. पहिल्या कलमातच भारत हा राज्यांचा संघ म्हटलंय. पण आपण युनियन टेरिटरीला सुद्धा ‘केंद्रशासित’ म्हणतो. आता संघ आणि केंद्र ह्यात फरक आहे, आणि मला तो लहान वाटत नाही. संघ म्हंजे सगळे मिळून झालेलं, केंद्र म्हंजे एक टोक आणि बाकीचे भोवती. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला भाग मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासनं इथला माणूस ‘केंद्रानं लक्ष घालावं’ हे वाक्य ऐकतच मोठा झालाय, माझ्या वडिलांनी ऐकलं, मी ऐकलं. कडेला राहणाऱ्याला मधला बिंदू किती लांब आहे ते बरोबर कळतं. वर्तुळात कडेपासनं केंद्राचं अंतर सगळीकडनं सारखं असतं, हे युक्लिडनं लिहिलंय. राज्यकारभारातही ते तसंच असावं असं मला मनापासनं वाटतं.

स्लॅबचं सेंटरिंग म्हंजे?

स्लॅब ओतायच्या आधी खाली प्लेटा आणि टेकू लावतात ते. पूर्वी दगडी कमान बांधताना तिच्याखाली लाकडी साचा उभा करत, त्याचं हे नाव. कमानी गेल्या, सपाट स्लॅब आले, नाव तेच चालू राहिलं.

फोकस, हब हे पण तेच ना?

अर्थ जवळचे, जन्म वेगळे. फोकस हा मला सगळ्यात आवडतो, लॅटिनमध्ये फोकस म्हंजे चूल! घरातली शेगडी, जिथं सगळे जमतात. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६०४ साली तो गणितात आणला. हब म्हंजे आपला तुंबा, चाकाचा. तेव्हा आज पेपरात ‘बेळगाव हे फाउंड्रीचं हब’ असं छापून येतं त्याचं साधं मराठी ‘बेळगाव हा फाउंड्रीचा तुंबा’ असं होईल, आणि मला ते वाचायला आवडेल.

भूकंपाचं केंद्र जमिनीवर असतं की खाली?

हलायला सुरुवात होते ती जागा खाली, तिला पुस्तकात ‘भूकंपनाभी’ म्हणतात. तिच्या बरोबर वर जमिनीवर जो बिंदू येतो ते ‘अपिकेंद्र’, म्हंजे एपिसेंटर, एपि म्हंजे वर. पेपरवाले दोन्हीला केंद्रबिंदूच म्हणतात. वेदातली नाभी आणि ग्रीकांचं केंद्र एका धड्यात शेजारी शेजारी बसलेत, मुलांना हे नक्की दाखवा.

मग बोलताना सेंटर म्हणायचं की केंद्र? शुद्ध कुठलं?

जे तोंडात येतंय ते. कारखान्यात मी ‘केंद्र काढ’ म्हणालो तर पोरगं बघतच राहील, आणि ‘आरोग्य सेंटर’ म्हणालो तर गावातली काकू म्हणेल आरोग्य केंद्र म्हणा की नीट. आपल्या भागात शब्दांवरनं पाट्यांवरनं जीव दुखावतात, मी ते जवळनं बघितलंय. म्हणून एवढंच सांगतो की केंद्र शुद्ध आणि सेंटर बाटगं अशी वाटणी ह्या दोन शब्दांत होत नाही, दोघांची आई एक. आणि माजघर, तुंबा, मधोमध हे शब्द मात्र वापरत राहा, ते कुणाकडनं आणलेले नाहीत आणि ते गेले तर दुसरीकडनं मिळणार नाहीत.

गोल पत्र्याचं किंवा गोल लोखंडी बारचं सेंटर कसं काढायचं?

शाळेची पद्धत अशी. कडेवर कुठंही एक जीवा काढा, तिच्या मध्यातनं काटकोनात रेघ मारा. दुसरी जीवा, तीही पहिलीला समांतर नको, तिची पण तशीच रेघ. दोन्ही जिथं छेदतील ते सेंटर. युक्लिडच्या तिसऱ्या भागाची सुरुवातच वर्तुळाचं सेंटर काढायच्या रीतीनं होते.

वर्कशॉपमधली पद्धत वेगळी. बारच्या तोंडाला खडू घासायचा. जेनी कॅलिपर, म्हंजे कर्कटकासारखं दोन पायांचं हत्यार, अंदाजे निम्म्या व्यासावर उघडायचा, वाकडा पाय कडेला टेकवायचा आणि अणकुचीदार पायानं एक छोटी कमान ओरखडायची. असं चारी बाजूंनी. मध्ये एक बारीक चौकोनासारखी जागा तयार होते, भाताच्या दाण्याएवढी. तिच्या मधोमध डॉट पंचचं, म्हंजे बारीक टोकाच्या पंचचं, टोक ठेवायचं, हलका ठोका मारायचा, बार फिरवून बघायचं. लंगडत असेल तर पंच थोडा तिरका धरून खूण सरकवायची. फिरताना तो ठिपका जागच्या जागी थांबलेला दिसला की मग सेंटर पंच घ्यायचा आणि जोरात एकच ठोका.